शर्यतीचे वेळापत्रक आणि लहरी हवा



शाळेच्या क्रीडास्पर्धांचे वेळापत्रक फलकावर लागले की तुम्ही ते उत्सुकतेने वाचता. सकाळी ९ वाजता धावणे, १० वाजता लांब उडी, ११ वाजता खो-खो. मध्येच पावसाची सर आली, तर सर मंडळी पाच मिनिटे आपापसात बोलतात आणि खो-खो दुपारवर जातो. फारसे कोणाचे बिघडत नाही.

आता अशी कल्पना करा, की त्या मैदानात मुलांऐवजी ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने पळणाऱ्या मोटारसायकली आहेत. एका सत्राची वेळ चुकली, तर एखाद्याचे हाड मोडेल, कदाचित प्राणही जाईल. शिवाय ढगांना तुमचे वेळापत्रक वाचता येत नाही! मोटारसायकल शर्यतींच्या संयोजकांपुढे दर आठवड्याच्या शेवटी हाच प्रश्न उभा असतो. सराव केव्हा घ्यायचा, केव्हा थांबवायचा आणि शर्यत कोणत्या दिवशी ठेवायची? हा प्रश्न सोडवायला लागते ते बहुतेक सगळे पदार्थविज्ञान तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे. चला, पाहू या.

सराव म्हणजे नुसती रंगीत तालीम नव्हे

जगातील सर्वांत वरच्या दर्जाच्या मोटारसायकल स्पर्धेचे नाव ‘मोटो-जीपी’. २०२३ च्या हंगामात तिच्या तीन दिवसांची आखणी अशी होती : शुक्रवारी सकाळी ४५ मिनिटांचा मोकळा सराव, दुपारी ६० मिनिटांचा सराव. शनिवारी सकाळी ३० मिनिटांचा आणखी एक सराव आणि लगेच पात्रता फेरीचे १५-१५ मिनिटांचे दोन भाग. शनिवारी दुपारी छोटी शर्यत, रविवारी मुख्य शर्यत. छोटी शर्यत मुख्य शर्यतीच्या निम्म्या अंतराची. मुख्य शर्यतीच्या विजेत्याला २५ गुण मिळत, छोट्या शर्यतीच्या विजेत्याला १२.

यातील मेख शुक्रवार दुपारच्या त्या एका तासात आहे. त्या तासात सर्वांत कमी वेळात एक फेरी पूर्ण करणारे १० स्वार थेट पात्रता फेरीच्या दुसऱ्या भागात जातात. उरलेल्यांना पहिल्या भागात झगडावे लागते आणि त्यातून फक्त दोघे वर चढतात. म्हणजे हा सराव असूनही परीक्षाच झाली! त्या तासातली पहिली २० मिनिटे मार्ग कोरडा राहिला आणि नंतर पाऊस आला, तर जो आधी बाहेर पडला तो तरला आणि जो ‘गाडी जरा नीट लावून घेऊ, मग जाऊ’ म्हणत थांबला तो बुडाला.

सरावाचा दुसरा उपयोग माहिती गोळा करण्याचा. कोणते रबर किती फेऱ्या टिकते, कोणत्या वळणावर मार्ग घसरडा आहे, हे सरावातच कळते. २०१३ साली ऑस्ट्रेलियातील फिलिप आयलंड येथे मार्गावर नवे डांबर घातले होते. टायर त्यावर फार तापतात आणि खराब होतात, हे सरावात उघड झाले. त्यामुळे मुख्य शर्यतीच्या फेऱ्या कमी केल्या आणि प्रत्येक स्वाराने मध्येच गाडी बदलली पाहिजे, असा नियम ऐनवेळी करावा लागला. सरावच झाला नसता, तर ही गोष्ट शर्यतीच्या मध्यावर, भर वेगात कळली असती.

रबराची पकड

वळणावर मोटारसायकलला आत खेचून धरणारे बल कोणते? टायर आणि रस्ता यांमधील घर्षण. गाडीचे वस्तुमान m, वेग v आणि वळणाची त्रिज्या r असेल, तर हे अभिकेंद्री बल mv²/r इतके लागते. आणि घर्षण जास्तीत जास्त पुरवू शकते ते μmg इतके. येथे μ म्हणजे घर्षणगुणांक. दोन्ही समान मांडले की m दोन्ही बाजूंनी निघून जाते आणि v² = μgr असे उरते. याचा अर्थ, वळणावरील कमाल वेग घर्षणगुणांकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो.

समजा, कोरड्या मार्गावर μ = १ आहे आणि एक वळण ताशी १०० किलोमीटरने घेता येते. पावसाने μ उतरून ०.६ झाला, तर ०.६ चे वर्गमूळ सुमारे ०.७७. म्हणजे तेच वळण आता ताशी ७७ किलोमीटरने घ्यावे लागेल. जो स्वार सवयीने १०० ने शिरेल, त्याला रस्ता धरून ठेवणार नाही.

पाऊस न पडताही पकड बदलते. रबर फार थंड असले की ताठर होते, आणि खडबडीत डांबराच्या बारीक खाचाखळग्यांत शिरून बसत नाही. म्हणून टायर बाहेर काढण्याआधी विजेवर तापणाऱ्या आवरणांत गुंडाळून ठेवतात. पण बाहेर गार वारा असेल, तर मिळवलेली उष्णता झपाट्याने निघून जाते. फिलिप आयलंडच्या मार्गावर १२ वळणे आहेत, त्यांपैकी ७ डावी आणि ५ उजवी. त्यामुळे टायरची डावी बाजू अधिक तापते आणि उजवी गार राहते. म्हणून तेथे डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळे रबर असलेली टायर वापरतात. सकाळी ९ चे सत्र आणि दुपारी ३ चे सत्र यांत डांबराचे तापमान पुष्कळ बदलते. सकाळी शिकलेले दुपारी जसेच्या तसे लागू पडत नाही.

ओला मार्ग वाळायला किती वेळ?

पाऊस थांबला. आता सराव केव्हा सुरू करावा? येथे सुप्त उष्णतेचे गणित कामाला येते.

समजा, मार्गावर ०.२ मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर उरला आहे. एक चौरस मीटरवर हे पाणी २०० ग्रॅम, म्हणजे ०.२ किलोग्रॅम भरते. एक किलोग्रॅम पाण्याची नेहमीच्या तापमानाला वाफ व्हायला सुमारे २४.५ लाख ज्यूल उष्णता लागते. म्हणून ०.२ किलोग्रॅमला लागतील ४.९ लाख ज्यूल. आता ऊन चांगले असेल आणि प्रत्येक चौरस मीटरवर ५०० वॅट उष्णता वाफ करण्याच्या कामी येत असेल, तर वेळ लागेल ४,९०,००० ÷ ५०० = ९८० सेकंद, म्हणजे सुमारे १६ मिनिटे. ढग दाटलेले असतील आणि फक्त १०० वॅट मिळत असतील, तर ४,९०० सेकंद, म्हणजे जवळजवळ ८२ मिनिटे!

हे ढोबळ गणित आहे. प्रत्यक्षात तापलेले डांबर स्वतःची उष्णता देते, वारा दमट हवा दूर नेतो आणि धावणारी टायर पाणी बाजूला फेकतात. पण त्यातून मुख्य गोष्ट कळते. ४५ मिनिटांच्या सत्रापुढे १६ मिनिटे थोडी आहेत. ८२ मिनिटे म्हणजे संपूर्ण सत्रच गेले. म्हणून संयोजक नुसते ‘पाऊस थांबला का?’ असे विचारत नाहीत. ‘ऊन येणार का? वारा आहे का? हवेत दमटपणा किती?’ असे विचारतात. दोरीवर कपडे वाळत घालताना तुमची आईही नेमके हेच पाहत असते.

शिवाय अर्धवट वाळलेला मार्ग पूर्ण ओल्या मार्गाहूनही फसवा असतो. गाड्या जातात ती रेघ वाळते, पण तिच्या दोन्ही बाजूंना ओल असते. गुळगुळीत टायर लावावी की खाचांची, याचा निर्णय कठीण होतो. शर्यत चालू असताना पाऊस आला, तर स्वाराने आत येऊन दुसऱ्या, तयार ठेवलेल्या गाडीवर बसावे, अशी सोय नियमांत केली आहे. या नियमाचा पहिला वापर २००६ साली फिलिप आयलंडलाच झाला.

पाणी जेव्हा गाडी उचलते

थर ०.२ मिलिमीटरचा नसून काही मिलिमीटरचा असेल, तर गोष्ट निराळी होते. वेगाने येणाऱ्या टायरपुढे पाणी अडते आणि त्याचा दाब वाढतो. हा दाब साधारण ½ρv² इतका असतो. Ρ म्हणजे पाण्याची घनता, घनमीटरला १,००० किलोग्रॅम. वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर धरला, तर दाब येतो २ लाख पास्कल. टायरमधील हवेचा दाबही साधारण याच घरातला असतो! म्हणजे वेग याहून वाढला आणि पाण्याला निसटायला वाट नसली, तर टायर रस्त्यावरून उचलले जाऊन पाण्यावर तरंगू लागेल. पावसाळी टायरवरील खोल खाचा ही वाट करून देण्यासाठीच असतात. पण खाचांनाही मर्यादा आहे.

२०१८ साली इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे हेच झाले. त्याच वर्षी मार्गावर नवे डांबर घातले होते आणि पाण्याचा निचरा नीट होत नव्हता. शनिवारच्या सरावात जोराची सर आली. साचलेल्या पाण्यावरून गाड्या एकामागून एक घसरल्या. पडलेल्या टिटो राबात या स्वाराला मागून घसरत आलेल्या दुसऱ्या गाडीने धडक दिली आणि त्याचा पाय मोडला. रविवारी पाऊस येणार असा अंदाज होता, म्हणून शर्यतीची वेळ अलीकडे आणून सकाळी ११.३० केली. पण पाऊसही अलीकडे आला! दुपारभर वाट पाहून शेवटी शर्यत रद्द झाली. हजारो प्रेक्षक भिजत घरी गेले. पण स्वारही धडधाकट घरी गेले.

वारा : न दिसणारा प्रतिस्पर्धी

पाऊस दिसतो, वारा दिसत नाही. वाऱ्याचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गाडी आणि स्वार यांची बाजूची बाजू सुमारे १ चौरस मीटर धरा. ताशी ३० किलोमीटरच्या आडव्या वाऱ्याने तिच्यावर सुमारे ४२ न्यूटन, म्हणजे ४ किलोग्रॅम वजनाइतके बल पडेल. वारा दुप्पट, म्हणजे ताशी ६० झाला, तर बल चौपट होऊन १७ किलोग्रॅम वजनाइतके होईल. असा वारा सतत एकसारखा असेल, तर स्वार त्याच्या दिशेने थोडा कलून तोल सांभाळतो. खरा घात होतो तो अचानक येणाऱ्या झोताने. ताशी ३०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. झोत जाणवून हात हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग जातो. तेवढ्यात गाडी १६-१७ मीटर पुढे गेलेली असते.

समोरच्या वाऱ्याचेही पाहा. गाडीचा वेग ताशी ३०० आणि समोरून वारा ताशी ५०, तर हवेच्या दृष्टीने वेग ३५०. (३५०/३००)² म्हणजे १.३६, हवेचा रोध ३६ टक्के वाढला. तोच वारा पाठीमागून आला, तर (२५०/३००)² म्हणजे ०.६९, रोध ३१ टक्के घटला. हवेचा रोध ब्रेकलाही मदत करीत असतो. म्हणजे मागच्या फेरीत जेथे ब्रेक दाबला, तेथेच या फेरीत दाबला तरी गाडी वेळेवर मंदावेल याची खात्री नाही.

२६ ऑक्टोबर २०१९ रोजी फिलिप आयलंडच्या शनिवारच्या सरावात जोराचे वारे सुटले होते. सरळ पट्टा संपून पहिले वळण येते, तेथे मिगेल ऑलिव्हेरा हा पोर्तुगीज स्वार वाऱ्याच्या झोताने भर वेगात बाहेर फेकला गेला. लाल निशाण दाखवून सराव थांबवला. स्वारांशी बोलून पात्रता फेरी रविवारी सकाळी घेण्याचे ठरले. रविवारी सकाळी पात्रता फेरी आणि नंतर मुख्य शर्यत, दोन्ही पार पडल्या.

फिलिप आयलंडची हवा इतकी लहरी का?

नकाशा उघडा. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय टोकाशी, मेलबर्नच्या खाली, सुमारे ३८.५° दक्षिण अक्षांशावर हे बेट आहे. पुढे बासची सामुद्रधुनी आणि तिच्या पलीकडे टास्मानिया. याच्या जरा दक्षिणेला भूगोलात वाचलेले ‘गरजणारे चाळीस’ वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. शर्यत होते ती बहुधा ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तेथल्या वसंत ऋतूत. उत्तरेकडे ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग तापू लागलेला असतो, दक्षिणेकडे महासागर थंडच असतो. या उष्ण आणि शीत हवेच्या सीमेला शीत आघाडी म्हणतात. ती बेटावरून सरकली, की आधी वायव्येकडून येणारा उबदार वारा फिरून नैर्ऋत्येकडून बोचरा वाहू लागतो, तापमान तासाभरात कोसळते आणि पावसाच्या सरी येतात.

मग हवामानशास्त्रज्ञ नेमकी वेळ का सांगत नाहीत? एक सोपे गणित करा. आघाडी ५०० किलोमीटर दूर आहे आणि ताशी ५० किलोमीटरने येत आहे; म्हणजे १० तासांत पोहोचेल. पण वेगाच्या अंदाजात केवळ १० टक्के फरक पडला, ताशी ५५ किंवा ४५ निघाला, तर ती ९ तासांत येईल किंवा ११ तासांत. हवामानशास्त्राच्या दृष्टीने हा अंदाज उत्तमच आहे. पण संयोजकांच्या दृष्टीने एका तासाची चूक म्हणजे सबंध सराव!

शनिवार की रविवार?

२०२३ साली याच बेटावर संयोजकांपुढे मोठा पेच आला. रविवारी वादळी वारे आणि पाऊस येणार, असा अंदाज होता. शनिवार त्या मानाने बरा होता. काय करावे?

आपण काल्पनिक आकडे घेऊन विचार करू. समजा, हवा शर्यतीला अयोग्य ठरण्याची शक्यता शनिवारी दहात एक आणि रविवारी दहात सहा आहे. शर्यत बुडाली तर विजेत्याचे तितके गुण बुडाले, असे धरू.

नेहमीचे वेळापत्रक ठेवले, तर शनिवारी छोटी शर्यत, रविवारी मुख्य. सरासरी नुकसान = ०.१ × १२ + ०.६ × २५ = १.२ + १५ = १६.२ गुण.

अदलाबदल केली, तर शनिवारी मुख्य, रविवारी छोटी. सरासरी नुकसान = ०.१ × २५ + ०.६ × १२ = २.५ + ७.२ = ९.७ गुण.

हवा बदलता येत नाही, पण मोलाची गोष्ट भरवशाच्या दिवशी ठेवता येते. गणितातील संभाव्यतेचा हा धडा संयोजकांनी प्रत्यक्षात आणला. मुख्य शर्यत शनिवार, २१ ऑक्टोबर २०२३ रोजी घेतली आणि छोटी रविवारवर टाकली. रविवारी खरोखरच वादळी हवा झाली. लहान इंजिनांच्या गाड्यांची एक शर्यत मध्येच थांबवावी लागली आणि मोटो-जीपीची छोटी शर्यत रद्द झाली. अदलाबदल केली नसती, तर मुख्य शर्यतच हातची गेली असती.

पण कोणताही बदल फुकट होत नाही. मुख्य शर्यत एक दिवस अलीकडे आली, म्हणजे टायरची परीक्षा घ्यायला एक दिवस कमी मिळाला. होर्हे मार्टिन याने मागे मऊ रबराचे टायर लावले. मऊ रबर चांगले चिकटते, पण लवकर झिजते. त्याने जोरात आघाडी घेतली. २७ फेऱ्यांपैकी २६ फेऱ्या संपेपर्यंत तो पहिला होता. शेवटच्या फेरीत त्याचे टायर थकले आणि एकामागून एक चौघे त्याच्या पुढे गेले. त्याहून टणक टायर लावणारा योहान झार्को हा फ्रेंच स्वार मोटो-जीपीतील आपली पहिली शर्यत जिंकला. मार्टिन पाचवा आला.

रात्रीची गंमत

कतारमध्ये उन्हाच्या तापामुळे शर्यत रात्री, दिव्यांच्या प्रकाशात घेतात. तेथे पाऊस क्वचितच पडतो. पण १२ एप्रिल २००९ रोजी नेमका शर्यत सुरू होण्याच्या सुमारास पडला. शर्यत दुसऱ्या दिवशी, सोमवारी घ्यावी लागली. पावसाळी टायर असताना का थांबायचे? उत्तर प्रकाशविज्ञानात आहे. कोरडे डांबर खडबडीत असल्याने प्रकाश सर्व दिशांना विखुरते. ओल्या डांबरावरील पाण्याचा थर मात्र आरशासारखे नियमित परावर्तन करतो आणि दिव्यांचे लखलखते प्रतिबिंब सरळ स्वाराच्या डोळ्यांत येते. टायर रस्ता धरील, पण डोळ्यांना रस्ता दिसणार नाही!

२०१७ साली तर कतारमध्ये पावसामुळे पात्रता फेरीच रद्द झाली. मग शर्यतीत कोणी कोठून सुरुवात करायची? आधीच्या सरावांत प्रत्येकाने नोंदवलेल्या उत्तम वेळांवरून क्रम लावला गेला. ज्यांनी सराव मन लावून केला होता, त्यांचे भले झाले. वार्षिक परीक्षा झाली नाही, तर चाचणीचे गुण धरतात, तसेच हे!

तुम्ही करून पाहा

घराच्या गच्चीवर किंवा अंगणातील फरशीवर खडूने एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असे तीन चौकोन आखा. एक कडक उन्हात, एक सावलीत आणि एक सावलीतच, पण टेबलफॅनच्या वाऱ्यात. पंख्याची तार पाण्यापासून दूर ठेवा आणि हे मोठ्या माणसांच्या देखत करा. प्रत्येक चौकोनात २०० मिलिलिटर पाणी ओतून कुंच्याने सारखे पसरा. आपण गणितात धरलेला ०.२ मिलिमीटरचा थर तो हाच. घड्याळ लावून प्रत्येक चौकोन वाळायला लागलेला वेळ वहीत लिहा. दमट हवेच्या दिवशी आणि कोरड्या हवेच्या दिवशी तोच प्रयोग पुन्हा करा.

चार-पाच दिवसांच्या नोंदी झाल्या, की सकाळी हवा पाहून आधी अंदाज लिहा आणि मग पाणी ओता. तुमचा अंदाज किती मिनिटांनी चुकतो, तेही लिहा. तो जर १५-२० मिनिटांनी चुकत असेल, तर खट्टू होऊ नका. फक्त एवढे ठरवा, की त्या दिवशी ४५ मिनिटांचा सराव ठेवायचा झाला, तर तुम्ही तो किती वाजता सुरू कराल? आणि त्या मार्गावर तुमचा मित्र उतरणार असेल, तर तुमची वेळ बदलेल का?